स्थूलतेचे दीर्घकालीन उपचार : आहारशास्त्र व मानसशास्त्र यांच्या समन्वयाचा विचार

प्रस्तावना :

बीड जिल्ह्याचा उल्लेख होताच दुष्काळ, ऊसतोड आणि स्थलांतर हे तीन शब्द आपोआप पुढे येतात. अशा जिल्ह्यातील महाविद्यालयाच्या नियतकालिकात स्थूलतेवर लेख लिहावा, हे काही वाचकांना विसंगत वाटण्याची शक्यता आहे. परंतु विसंगती लेखात नसून वास्तवात आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातील प्रौढ स्त्रियांपैकी २०.८ टक्के स्त्रियांचे वजन प्रमाणापेक्षा कमी, तर २३.४ टक्के स्त्रियांचे प्रमाणापेक्षा अधिक आढळले. कुपोषणाची ही दोन्ही टोके एकाच राज्यात, अनेकदा एकाच गावात आणि कित्येकदा एकाच घरात नांदतात.

स्थूलतेची कारणे आणि दुष्परिणाम यांवर मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. त्याची पुनरुक्ती करण्याचे प्रयोजन नाही. प्रस्तुत लेखाचा प्रश्न मर्यादित आहे. वजन कमी करणे बहुतेकांना कधी ना कधी साधते, मग ते कमी राहत का नाही? आणि ते कमी ठेवण्यासाठी आहारतज्ज्ञ व मानसशास्त्रज्ञ यांनी एकत्र काम करायचे म्हणजे नेमके काय करायचे? 'समन्वय' हा शब्द आपल्या शोधनिबंधांत इतक्या सहजतेने वापरला जातो, की त्याचा अर्थ विचारण्याचे राहूनच जाते.

भारतीय देहाचे वेगळेपण :

जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येनुसार बीएमआय २५ वा अधिक असल्यास अतिवजन आणि ३० वा अधिक असल्यास स्थूलता मानली जाते. भारतीय तज्ज्ञांनी २००९ मध्ये या मर्यादा खाली आणून अनुक्रमे २३ व २५ अशा सुचविल्या. कमरेच्या घेरासाठी पुरुषांना ९० आणि स्त्रियांना ८० सेंटिमीटर अशी मर्यादा ठरविण्यात आली. यामागील शास्त्रीय आधारात पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या कार्याचा मोठा वाटा आहे. त्यांनी आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात दोघांचे छायाचित्र एकत्र छापले. दोघांचाही बीएमआय २२.३ होता, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के निघाली. पुण्याजवळील गावांतील मातांच्या अभ्यासातून याज्ञिक व सहकाऱ्यांनी हेही दाखविले की, आपल्याकडील कमी वजनाच्या नवजात बालकांतही चरबीचे प्रमाण तुलनेने अधिक असते. म्हणून 'मी काही जाड नाही' हे आपल्या शिक्षककक्षात सर्रास ऐकू येणारे वाक्य फारसे विश्वासार्ह मानता येत नाही. वजनकाट्याच्या बरोबरीने शिंप्याची टेप बाळगणे आवश्यक आहे.

'कोणता आहार?' हा अपुरा प्रश्न :

मराठवाड्याने या विषयातील एक मोठा सामाजिक प्रयोग अगदी जवळून पाहिला आहे. लातूर येथे जनवैद्यकशास्त्राचे अध्यापन करणारे डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी दिवंगत डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचाराच्या आधारे दिवसातून दोनच वेळा, कडक भूक लागल्यावर आणि ५५ मिनिटांच्या आत जेवण्याची पद्धती प्रचारात आणली. २०१८ मध्ये राज्याच्या वैद्यकीय शिक्षण विभागाने स्थूलताविरोधी मोहिमेसाठी त्यांची सदिच्छादूत म्हणून नियुक्ती केली. त्याच सुमारास ठरावीक अंतराने थोडे थोडे खावे असे सांगणाऱ्या ऋजुता दिवेकर यांच्या मताशी त्यांच्या मताची तुलना सुरू झाली. वृत्तपत्रांपासून लग्नाच्या पंगतीपर्यंत 'दोनदा की दर दोन तासांनी?' हा वाद रंगला.

या वादात कोण बरोबर, हे ठरविण्याचा येथे हेतू नाही. लेखकाला त्या प्रयोगातील दुसरीच बाजू महत्त्वाची वाटते. दीक्षित यांच्या पद्धतीतील पोषणशास्त्र हा वादाचा विषय राहिला, पण तिची वर्तनशास्त्रीय रचना मात्र लक्षणीय होती. नियम एका वाक्यात सांगता येण्याजोगा, पदार्थांचे वजन करण्याची कटकट नाही, भाकरी, वरण, भाजी हे घरचेच अन्न, आरंभी रक्ततपासणी, म्हणजे स्वतःच्या स्थितीचे मोजमाप, व्हॉट्सॲपवरील गट, म्हणजे समवयस्कांचा आधार, शुल्क नाही. मानसशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात स्वनिरीक्षण, सामाजिक आधार आणि निर्णयांची संख्या कमी करणे अशा शीर्षकांखाली जे शिकविले जाते, ते येथे त्या नावांशिवाय वापरले गेले. ज्यांना या मार्गाने लाभ झाला, त्यांना तो जेवणाच्या वेळांमुळे किती आणि या रचनेमुळे किती झाला, हे वेगळे काढणे सोपे नाही. आपल्याकडील वादात मात्र सगळी चर्चा ताटाभोवतीच फिरत राहिली.

शरीराचा प्रतिकार :

वजन पुन्हा वाढले की रुग्णाला 'मनोनिग्रह नाही' असे ऐकवले जाते. आप्तेष्ट हे सांगतात, कधी वैद्यकही सांगतात आणि बहुतेक वेळा रुग्ण स्वतःच स्वतःला सांगतो. या आरोपाची शहानिशा प्रथम शरीरशास्त्राच्या आधारे करावी लागते.

१९४४-४५ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवण्याचा प्रयोग केला. आहार दररोज सुमारे १,६०० किलोकॅलरींचा होता. जाता जाता नमूद करावेसे वाटते, की आज अनेक ठिकाणी दिले जाणारे 'डाएट चार्ट' यापेक्षा कमी उष्मांकांचे असतात. त्या तरुणांचे वजन सुमारे चतुर्थांशाने घटले. पण त्याचबरोबर ते चिडचिडे व उदास झाले, त्यांचे मन सतत अन्नाभोवती घोटाळू लागले, काही जण पाककृतींची पुस्तके जमवू लागले. प्रयोग संपल्यावर कित्येकांना पोट भरल्याची जाणीवच होईना. ही माणसे मानसिकदृष्ट्या सुदृढ म्हणून निवडलेली होती. अन्नाची ओढ हा त्यांचा स्वभावदोष नव्हता, तो उपासमारीचा परिणाम होता.

पुढे २०११ मध्ये ऑस्ट्रेलियातील प्रिया सुमित्रन व सहकाऱ्यांनी ५० स्थूल व्यक्तींचा अभ्यास प्रसिद्ध केला. वजन घटविल्यानंतर एक वर्ष उलटूनही भूक वाढविणारे घ्रेलिन हे संप्रेरक वाढलेले आणि तृप्तीचा संदेश देणारे लेप्टिन घटलेले आढळले. म्हणजे बारीक झालेला मनुष्य मुळातच बारीक असलेल्या मनुष्यापेक्षा अधिक भुकेला असतो आणि ही भूक बराच काळ ओसरत नाही.

याच वर्षी केविन हॉल यांनी मांडलेल्या गणिती प्रारूपाने आणखी एका भ्रमाचे निरसन केले. रोजच्या आहारात सुमारे २४ किलोकॅलरींची कायमची घट केल्यास वजन अखेरीस सुमारे एक किलोग्रॅमने घटते. त्यापैकी निम्मी घट पहिल्या वर्षात आणि जवळपास संपूर्ण घट तीन वर्षांत होते. समजा, एखादा प्राध्यापक दिवसातून चार कप चहा घेतो आणि प्रत्येक कपात दोन चमचे, म्हणजे सुमारे १० ग्रॅम साखर असते. साखरेतून मिळणारी ऊर्जा १६० किलोकॅलरी झाली. साखर निम्मी केली तर ८० किलोकॅलरी वाचतील आणि तीन वर्षांत सव्वातीन किलोच्या आसपास वजन उतरेल. हे ऐकून बहुतेकांचा चेहरा पडतो. 'महिन्यात पाच किलो' अशी जाहिरात वाचून आलेल्या माणसाला तीन वर्षांत तीन किलो ही थट्टा वाटते. पण पुढे टिकणारी घट ही अशीच असते. अपेक्षा आणि शरीराची गती यांतील हे अंतर कमी करणे हे आहारतज्ज्ञाच्या तक्त्याने होणारे काम नव्हे. मानसशास्त्राचा प्रवेश येथून होतो.

मानसशास्त्राने काय दिले, काय देता आले नाही :

१९५९ मध्ये अल्बर्ट स्टंकार्ड आणि मॅकलॅरेन-ह्यूम यांनी न्यूयॉर्कमधील एका रुग्णालयाच्या पोषण विभागात आलेल्या १०० स्थूल रुग्णांचा पाठपुरावा प्रसिद्ध केला. त्यांना आहाराचा तक्ता देऊन घरी पाठविण्यात आले होते. त्यांपैकी केवळ १२ जणांचे वजन सुमारे नऊ किलोंनी घटले आणि दोन वर्षांनंतर ते टिकविणारे दोनच निघाले. तक्ता देऊन रुग्णास निरोप देण्याची पद्धत त्यानंतरही आपल्याकडे चालूच राहिली, हे खेदाने म्हणावे लागते.

१९६७ मध्ये मिशिगन विद्यापीठातील रिचर्ड स्टुअर्ट यांनी आठ रुग्णांवर वर्तनोपचाराचा प्रयोग केला. त्यांनी काय खावे यापेक्षा कोठे, केव्हा, कोणत्या प्रसंगी खाल्ले जाते यावर लक्ष केंद्रित केले. खाल्लेले लिहून ठेवणे, एकाच जागी बसून खाणे, दृष्टीसमोर खाद्यपदार्थ न ठेवणे असे साधे उपाय होते. वर्षभरात या रुग्णांचे वजन सुमारे १२ ते २१ किलोंनी घटले. पुढील साऱ्या वर्तनोपचारांचा पाया येथे घातला गेला.

बोधात्मक उपचारपद्धतीने यात विचारांची भर घातली. डॉ. अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धती कि. मो. फडके यांच्या लेखनामुळे मराठी वाचकाला परकी राहिलेली नाही. एलिस यांच्या मते घटना माणसाला अस्वस्थ करीत नाही. घटनेविषयीचा दुराग्रही विश्वास अस्वस्थ करतो. स्थूलतेच्या संदर्भात हे दुराग्रह सहज ओळखता येतात. 'मला भूक सहन होताच कामा नये', 'एकदा नियम मोडला म्हणजे सगळेच संपले', 'आग्रह मोडला तर लोक काय म्हणतील'. यांपैकी दुसऱ्या विचाराची यंत्रणा व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात अॅलन मार्लॅट यांनी उलगडून दाखविली. एका पेढ्याने वजन वाढत नाही. एका पेढ्यानंतर 'आता आजचा दिवस गेलाच' असे म्हणून खाल्लेल्या पुढील गोष्टींनी ते वाढते.

तथापि मानसशास्त्राच्या अभ्यासकांनी येथे विजयाचा आविर्भाव आणण्याचे कारण नाही. ऑक्सफर्डमधील झाफ्रा कूपर, ख्रिस्तोफर फेअरबर्न व सहकाऱ्यांनी वजन टिकविण्यासाठीच खास रचलेला बोधात्मक वर्तनोपचार १५० स्त्रियांच्या चाचणीत तपासला. तीन वर्षांच्या पाठपुराव्यानंतर २०१० मध्ये त्यांनी प्रांजळपणे लिहिले, की बहुसंख्य स्त्रियांचे घटलेले वजन जवळजवळ सर्व परत आले. आपल्याच पद्धतीचे अपयश इतक्या स्पष्टपणे प्रसिद्ध करणे ही संशोधनातील दुर्मिळ गोष्ट आहे.

याउलट अमेरिकेतील 'लुक अहेड' या ५,१४५ मधुमेही व्यक्तींच्या अभ्यासात आठ वर्षांनंतरही सखोल उपचार घेणाऱ्या गटाचे वजन सरासरी ४.७ टक्के कमी राहिले, तर तुलना गटाचे २.१ टक्के. पहिल्या वर्षी हीच घट ८.६ टक्के होती, म्हणजे काही वजन परत आलेच. मग फरक कशाने पडला? आहार, व्यायाम आणि वर्तनोपचार यांचे मिश्रण दोन्हीकडे थोड्याफार फरकाने सारखेच होते. लेखकाच्या मते निर्णायक भेद एवढाच, की 'लुक अहेड'मध्ये उपचार थांबला नाही. पहिल्या सहा महिन्यांत दर आठवड्याला, नंतर महिन्यातून तीनदा आणि पुढील वर्षांत किमान महिन्यातून एकदा संपर्क चालू होता. मधुमेहाची गोळी साखर उतरली म्हणून कोणी बंद करीत नाही. स्थूलतेचे उपचार मात्र वजन उतरताच बंद केले जातात.

भूक, सवय आणि भावना :

दोन्ही शास्त्रांचा समन्वय कसा दिसावा, हे एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट करता येईल. वरिष्ठ महाविद्यालयातील ४४ वर्षे वयाच्या एक प्राध्यापिका माजलगावहून बीडला एस.टी.ने रोज ये-जा करतात. सकाळी स्वयंपाक, डबे आणि धावपळ यांत त्या चहाबरोबर दोन बिस्किटे खातात. अकराला डबा उघडतात: दोन पोळ्या आणि बटाट्याची भाजी. सायंकाळी साडेपाचला घरी पोहोचतात, ओट्याजवळ उभ्या उभ्या चिवड्याचा डबा उघडतात आणि तो अर्धा संपतो. रात्री सर्वांना वाढून झाल्यावर शेवटी जेवतात. पातेल्यात उरलेला भात पाहून सासूबाई म्हणतात, "एवढ्याशासाठी कुठं ठेवतीस, संपवून टाक."

केवळ आहारतज्ज्ञ या बाईंना १,२०० किलोकॅलरींचा तक्ता देईल. केवळ समुपदेशक सायंकाळच्या चिवड्याला 'भावनिक खाणे' हे नाव देऊन ताणतणावाच्या व्यवस्थापनाकडे वळेल. दोघेही चुकतील. अकरा ते साडेपाच हे साडेसहा तासांचे अंतर आहे आणि दिवसभरात प्रथिने जवळपास नाहीत. तो चिवडा मनाच्या दुर्बलतेने खाल्लेला नाही. ती सरळ भूक आहे आणि तिच्यावर उपाय अन्नाचाच आहे. डब्यात मटकीची उसळ वाढविली आणि चारच्या सुमारास मूठभर भाजलेले हरभरे खाल्ले, तर साडेपाचचा प्रसंगच सौम्य होतो. उलट रात्रीचा उरलेला भात ही भूक नव्हे. तेथे पोट भरलेले आहे. तेथे 'खाऊन माजावे, टाकून माजू नये' हा संस्कार आहे, घरातील स्त्रीने शेवटी जेवण्याची रीत आहे आणि सासूबाईंचा शब्द आहे. त्यावर उष्मांकांचा तक्ता निरुपयोगी ठरतो. भाताचे माप पाव वाटीने कमी करणे, उरलेले दुसऱ्या दिवशीच्या फोडणीच्या भातासाठी ठेवणे, जमेल तेव्हा सर्वांबरोबरच जेवायला बसणे आणि 'अन्न वाया जाऊ नये म्हणून ते माझ्या शरीरात साठवलेच पाहिजे का?' हा एलिसप्रणीत प्रश्न स्वतःला विचारणे, हे येथील उपाय आहेत.

म्हणून समन्वयाची पहिली पायरी निदानाची आहे. दोन आठवड्यांची आहारनोंद ठेवावी. तीत पदार्थ आणि प्रमाण यांबरोबरच वेळ, जागा, सोबत आणि खाण्यापूर्वी भूक होती की नव्हती, हे लिहावे. भुकेपोटी खाल्लेले आहारतज्ज्ञाकडे, सवयीने खाल्लेले घराच्या रचनेकडे आणि दुःख, कंटाळा वा एकटेपणा यांतून खाल्लेले समुपदेशनाकडे जावे. थोड्या वेळात भरमसाट खाणे आणि नंतर तीव्र अपराधभाव असे वारंवार घडत असल्यास तो २०१३ पासून स्वतंत्र मानसविकार म्हणून मान्य झालेला आहे. अशा व्यक्तीला कडक पथ्य देणे घातक ठरू शकते, तिला आधी मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवावे.

आपल्या ताटातील आणि सणांतील काही नोंदी :

उपवास हा या दृष्टीने मनोरंजक विषय आहे. 'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही म्हण रचणाऱ्या लोकांना आहारशास्त्राची चांगली जाण होती, असे म्हणावे लागेल. ७५ ग्रॅम साबुदाणा, ३० ग्रॅम शेंगदाण्याचा कूट आणि १० ग्रॅम तूप यांच्या एका थाळी खिचडीतून सुमारे ५२० किलोकॅलरी मिळतात. शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या भाकरींतून सुमारे ३३५ मिळतात आणि प्रथिने, तंतू वर. पण उपवास करणाऱ्या स्त्रीला खिचडी सोडा असे सांगणे व्यर्थ आहे, कारण तो तिच्या श्रद्धेचा आणि कित्येकदा आठवड्यातील एकमेव आवडीच्या खाण्याचा प्रश्न असतो. भगर, राजगिरा, ताक आणि खिचडीची लहान वाटी हा मार्ग धार्मिक चौकट न मोडता निघतो.

तेलाचा हिशोब याहून सोपा. पाच माणसांच्या घरात महिन्याला पाच किलो तेल लागत असेल तर माणशी रोज सुमारे ३३ ग्रॅम, म्हणजे ३०० किलोकॅलरी होतात. महिन्याच्या यादीत पाचाऐवजी चार किलो लिहिले, तर प्रत्येकाचे सुमारे ६० किलोकॅलरी कमी होतात आणि घरातील कोणालाही 'मी डाएटवर आहे' असे म्हणावे लागत नाही. निश्चय रोज तीनदा करण्याऐवजी महिन्यातून एकदा, किराणा दुकानात करावा. वर्तनशास्त्र आणि आहारशास्त्र यांचा याहून सुटसुटीत मेळ लेखकास आढळलेला नाही.

जिल्ह्याच्या संदर्भात आणखी एक बाब नोंदविणे कर्तव्य वाटते. २०१९ मध्ये शासनाने नेमलेल्या समितीच्या पाहणीत बीड जिल्ह्यातील ८२,००० हून अधिक ऊसतोड स्त्रियांपैकी १३,००० हून अधिक स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले. तरुण वयात अशा शस्त्रक्रियेत अंडाशयही काढले गेले असल्यास अकाली रजोनिवृत्ती येते आणि पोटाभोवतीची चरबी, हाडांची झीज व हृदयविकार यांचा धोका वाढतो. अशी स्त्री पुढे कधी वाढलेल्या वजनाची तक्रार घेऊन आली, तर तिला 'कमी खा, चाला' हा सल्ला देणे क्रूरपणाचे आहे. सहा महिने फडात कोयता चालविणाऱ्या स्त्रीला व्यायामाचे महत्त्व कोणी सांगावे? तिच्या बाबतीत पूर्वेतिहास विचारणे हाच उपचाराचा आरंभ ठरतो.

दुसऱ्या वर्षाचे काय? :

२०२५ पासून सेमाग्लुटाइड व टिर्झेपटाइड ही वजन घटविणारी औषधे त्या उपयोगासाठी भारतातही मिळू लागली आहेत. त्यांचा परिणाम मोठा आहे. परंतु सेमाग्लुटाइड थांबविल्यानंतर एका वर्षात घटलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश वजन परत आल्याचे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाठपुराव्यात दिसले. म्हणजे औषधाने प्रश्न पुसला गेला नाही, पुढे ढकलला गेला.

टिकवण्याच्या टप्प्यासाठी ऱ्होड आयलंड येथील रीना विंग यांचा २००६ चा प्रयोग आपल्या परिस्थितीस सर्वाधिक उपयुक्त आहे. ज्यांनी आधीच वजन घटविले होते अशा ३१४ व्यक्तींना त्यांनी नियमितपणे वजन करून स्वतःला रंग द्यायला शिकविले. वाढ दीड किलोच्या आत असेल तर हिरवा, त्यापुढे पिवळा आणि २.३ किलो वा अधिक असेल तर लाल. हिरव्यास शाबासकी, पिवळ्यास नोंदवही पुन्हा सुरू, लालास थेट मदत. दीड वर्षानंतर नुसती माहितीपत्रके मिळालेल्या गटातील ७२.४ टक्के लोकांचे वजन २.३ किलो वा अधिक वाढले होते. प्रत्यक्ष भेटणाऱ्या गटात हे प्रमाण ४५.७ टक्के होते. भारतातही चेन्नईचे डॉ. ए. रामचंद्रन यांच्या ५३१ व्यक्तींच्या अभ्यासात (२००६) वजनात फारशी घट न होताही जीवनशैलीतील बदलांनी मधुमेहाचा धोका २८.५ टक्क्यांनी कमी झाला. वजनकाटा हलला नाही म्हणून प्रयत्न फुकट गेले असे समजणाऱ्यांना हा आकडा सांगण्याजोगा आहे.

यासाठी मोठी यंत्रणा लागत नाही. मराठवाड्यातील अनेक महाविद्यालयांत मानसशास्त्र आणि गृहविज्ञान हे दोन्ही विभाग एकाच इमारतीत आहेत. अंबाजोगाईस शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. ग्रंथालयाच्या कोपऱ्यात एक वजनकाटा, एक टेप आणि तीन रंगांची नोंदवही ठेवून कर्मचाऱ्यांचा गट पहिल्या सहा महिन्यांत आठवड्यातून एकदा भेटू शकतो. नोंदी गोपनीय असाव्यात आणि कोणाच्याही आकड्यावर शिक्षककक्षात विनोद होऊ नये, ही अट मात्र पहिल्याच दिवशी घालावी. उपहासाने माणसे बारीक होत नाहीत, ती गटात येणे बंद करतात. पहिल्या वर्षी गर्दी होईल. खरी परीक्षा तेराव्या महिन्यात आहे, म्हणून गट स्थापन करतानाच पुढील दोन वर्षांच्या मासिक बैठकींच्या तारखा ठरवून घ्याव्यात आणि परीक्षेच्या काळातही खोलीची किल्ली कोणाकडे राहील, हे लिहून ठेवावे.